भदाणेबाईंचं यंत्र

मंगलाबाई भदाणेंना जे सुचलं ते पाण्याची मोटर बिघडली म्हणून सुचलं. तीस वर्षं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून सुचलं नाही, ढीगभर सेमिनारांत टाळ्या वाजवून सुचलं नाही. सुचलं ते सुरतेच्या डिंडोलीतल्या स्वतःच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये, हातात चहाचा कप घेऊन एका मेकॅनिकच्या डोक्यावर उभं असताना.

मेकॅनिकचं नाव निंबा. राहायला शेजारच्या नवागाममध्ये, मूळचा शिंदखेड्याकडचा, पन्नाशीचा काटक माणूस. पॉवरलूमच्या शेडमधली इलेक्ट्रिक पॅनेलं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि ओळखीपाळखीत कुणाची मोटर अडली तर तीही बघायची. त्याने स्टार्टरचं झाकण काढलं आणि हिरवं बटण दाबलं. आतली पट्टी टक्कन चिकटली. त्याने बोट काढलं तरी ती चिकटलेलीच राहिली. बाईंनी कप कठड्यावर ठेवला आणि विचारलं, की बोट काढलं तरी ही धरून कशी राहते? निंबाने सांगितलं की ती एकदा लागली की आपला करंट आपणच ओढून घेते, लाल बटण दाबेपर्यंत सोडत नाही. आणि लाइट गेली तर?

"लाइट गयी का इसरी जाई ना ताई," निंबा म्हणाला. "त्याले काय आठवन ऱ्हाई?"

विसरून जाईल, आठवण राहणार नाही. बाईंना कॉलेजातला फळा आठवला. दरवर्षी जून-जुलैत त्या फळ्यावर ‘मेमरी’ असा शब्द लिहीत, खाली दोन रेघा मारत, चौकोन काढत आणि पोरांना सांगत की ह्यात एक किंवा शून्य राहतो. कसा राहतो ते त्यांनी स्वतः कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. आणि इथे त्यांच्याच घरात, वीस वर्षांपासून, पाण्याच्या मोटरच्या डब्यात ती मेमरी बसलेली होती, आणि त्या रोज सकाळी तिला अंगठ्याने दाबत होत्या. शिकलेल्या बाईचं असंच असतं, घरातलं तेवढं दिसत नाही.

बाईंबद्दल थोडं सांगायला हवं. माहेर अमळनेरचं, वडील पोस्टात. गणितात पहिला वर्ग. लग्न होऊन सुरतेला आल्या तेव्हा नवरा, जयंतराव, बँकेत नोकरीला होते, आणि शहरात कॉम्प्युटर नावाचा प्राणी नुकताच आलेला होता. त्या काळी कॉलेजात त्याच्यासाठी थंडगार खोली होती, आणि त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, देवळात काढतात तशा. बाईंनी काढल्या त्या काढल्याच म्हणा ना. प्रॅक्टिकलचं पुस्तक बाईंनी लिहिलं, वर नाव त्या वेळच्या हेडसाहेबांचं लागलं. नवा अभ्यासक्रम बाईंनी दोन सुट्ट्या खर्ची घालून बांधला, तो युनिव्हर्सिटीत मांडायला दुसरेच साहेब गेले आणि शाल पांघरून आले. हेड होण्याची वेळ तीनदा आली आणि तीनदा कुणीतरी बाहेरून आणून बसवला. शेवटचा तर पराग. बाईंचाच विद्यार्थी, जळगावकडचा आपलाच मुलगा. पण कॉलेजात गुजराती आणि इंग्रजीशिवाय तोंड उघडायचा नाही. तो हेड झाल्यावर बाईंना पाया पडून म्हणाला की मॅम, तुमच्याशिवाय माझं पान हलणार नाही. आणि खरंच, पुढे सगळी पानं बाईंनीच हलवली.

बाईंना मूग गिळून बसायची इतकी सवय झाली होती, की आपल्याला राग येतो हेही त्या विसरल्या होत्या. फक्त एक धडा शिकवताना तो बाहेर यायचा. पहिला धडा, कॉम्प्युटरचा इतिहास. परीक्षेत त्याला चार मार्क, तेही पर्यायात, म्हणून पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची. पण बाई तिथे रंगात येत. सांगत, की दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत खोलीभर यंत्र बांधलं, हजारो व्हॅक्यूम-नळ्यांचं, पण त्याला नवं काम द्यायचं म्हटलं की वायरी उपसून पुन्हा खोचाव्या लागायच्या. हिशेब मिनिटांत आणि तयारीला दिवसच्या दिवस. ते खोचाखोचीचं डोकेफोड काम बायकाच करत, आणि फोटो छापून आले तेव्हा त्यांची नावं कुणी विचारली नाहीत. मग कल्पना निघाली की आकडे ज्या मेमरीत ठेवतो, तिथेच हुकूमही ठेवा. यंत्र स्वतःच एकेक हुकूम वाचेल आणि पुढे जाईल. वायरीला हात लावायलाच नको. आज खिशात फोन आहे तो ह्या एका कल्पनेवर चालतो, आणि उद्या तुमची नोकरी खाणारी एआय येईल तीही ह्याच कल्पनेवर. आणि त्या कल्पनेचा पहिला अहवाल पंचेचाळीस साली हातोहात फिरला, तेव्हा त्यावर नाव एकाच माणसाचं होतं, जॉन फॉन न्यूमन. यंत्रापाशी राबणारे एकर्ट आणि मॉकली त्यात कुठेच नव्हते. इथे आल्यावर बाईंचा आवाज चढायचा. पोरं वर बघायची, बाईंना काय झालं म्हणून.

तर मोटर दुरुस्त झाली आणि बाईंनी निंबाला निघू दिलं नाही. विचारलं, असे डबे शे-दीडशे एकमेकांना जोडले तर जोडता येतील का? निंबाने डोकं खाजवलं. स्टार्टर कशाला, म्हणाला, त्याची छोटी बहीण असते, रिले. डाइंग मिलच्या जुन्या पॅनेलमधून निघालेले उधन्याच्या भंगारबाजारात पोत्याने मिळतील. बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि तोच पहिला धडा अथपासून इतिपर्यंत सांगितला. फळ्यावर सांगतात तसा नाही, घरातल्या बोलीत. कितीतरी वर्षांनी बाईंच्या तोंडून अहिराणी निघाली. निंबा ऐकत राहिला. हुकूम मेमरीत ठेवतात म्हणजे काय हे त्याला लगेच समजलं. लूमच्या डोक्यावर डिझाइनचे पुठ्ठ्याचे पत्ते टांगलेले असतात, भोकं पाडलेले. डिझाइन बदलायचं तर पत्त्यांची माळ बदलायची. ह्या यंत्राने ते पत्ते पोटात गिळले, एवढंच ना, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, हो, एवढंच. मग एका माणसाच्या नावाची गोष्ट आली, तेव्हा त्याने एकच विचारलं.

"मंग बाकीना काय करत व्हतात?"

बाकीचे काम करत होते, बाई म्हणाल्या.

त्यानंतर दोन वर्षं रविवार म्हणजे यंत्र. जयंतरावांची स्कूटर उन्हात गेली आणि पार्किंगमध्ये पत्र्याचं कपाट आलं. भंगारातून आणलेले रिले बाई पालथी मांडी घालून स्पिरिटने पुसत, निंबा त्यांना पट्ट्यांवर बसवी आणि वायरी ओढी. कुठली वायर कुठून कुठे, हे बाईंनी ठरवायचं. ती तिथे जाईल का, तापेल का, सुटेल का, हे निंबाने. भांडणंही व्हायची. एकदा बाईंनी काढलेला नकाशा चुकला आणि अख्खी एक रांग उपसावी लागली, तेव्हा निंबा पंधरा दिवस फिरकला नाही. मग एका रविवारी स्वतःच आला, डबाभर कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन, आणि उपसायला बसला. जयंतराव येताजाता टोमणे मारत. आलेल्या-गेलेल्याला सांगत, की आमच्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत, एक मोबाइलमध्ये मावतो आणि दुसऱ्यात मोबाइल पडला तर सापडत नाही. बाईंना हसू यायचं. त्या दिवसांत त्यांना बरंच हसू यायचं.

यंत्र चाललं ते एका रविवारी दुपारी. त्याला एकच काम जमायचं. एक आकडा द्यायचा, आणि त्या आकड्याला ज्याने नि:शेष भाग जातो असा, तो स्वतः सोडून, सर्वांत मोठा आकडा त्याने शोधून काढायचा. मँचेस्टरला अठ्ठेचाळीस साली जगातलं पहिलं तसलं यंत्र चाललं, तेव्हा त्यालाही हेच काम दिलं होतं, म्हणून बाईंनी हेच धरलं. हुकूम घालायचे ते समोरच्या खटक्यांनी, एकेक करून. तास सहज जायचा. त्यांनी एकवीस घातला आणि बटण दाबलं. कपाटभर टकटक सुरू झाली. शेडमध्ये लूम चालतात तशी, पण बारीक. बाईंनी पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळाने टकटक थांबली आणि खालच्या ओळीतले तीन दिवे लागून राहिले. तीन दिवे म्हणजे चार, दोन आणि एक, मिळून सात. बरोबर होतं. निंबाने बायकोला, शोभाबाईंना, फोन लावला आणि यंत्र पुन्हा चालवून नुसती टकटक ऐकवली. मग फोन ठेवून त्याने, जरा लाजतच, विचारलं की यावर आपलं नाव राहील ना ताई. बाई म्हणाल्या, राहील ना, का नाही राहणार. त्या वेळी त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

पण स्वतःचं नाव मात्र मनात होतं. फार होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की एक वस्तू अशी राहावी जिच्यावर ‘मंगला भदाणे’ एवढं लिहिलेलं असेल. डोकेदुखी होईपर्यंत त्या ह्याचा विचार करत. कॉलेजात येणारी पोरं वाचतील आणि म्हणतील, कोण होत्या ह्या.

तेवढ्यात कॉलेजात एआयचा नवा विभाग निघाला. बाहेरून तपासणीची समिती येणार होती, आणि समितीला दाखवायला काहीतरी आगळंवेगळं हवं होतं. बाईंनी परागला घरी बोलावून यंत्र दाखवलं. तो थक्क झाला. मोबाइलवर शूटिंग करून त्याने तिथूनच ट्रस्टीशेठना पाठवलं. हॉलबाहेरच्या मोठ्या दालनात हे कायमचं ठेवायचं, तो म्हणाला, वर काच, खाली पाटी. बाईंना त्या रात्री झोप आली नाही.

यंत्र टेम्पोने कॉलेजात गेलं, आणि टेम्पोबरोबर बाईही बदलल्या. कॉलेजच्या फाटकात निंबाला पास काढावा लागे. आत आल्यावर बाई त्याच्याशी गुजरातीत बोलत. "निंबाभाई, जरा आ वायर जोई लो ने," जरा ही वायर बघून घ्या, असं. दालनात कुणी नसलं, दार लोटलेलं असलं, की पुन्हा घरची बोली. निंबाच्या हे लक्षात आलं नसेल असं कोण म्हणेल? तो आपला वायर बघायचा. बाईंची तरी त्यात काय चूक, असं म्हणायचं झालं तर म्हणता येईल. तीस वर्षं त्या कॉलेजात त्यांना ‘महाराष्ट्रातल्या मॅडम’ म्हणत आले होते, आणि त्या म्हणण्यात गोडादऱ्यापासून पांडेसऱ्यापर्यंतची सगळी लूम कामगारांची वस्ती असायची. त्यातून अंग काढून घ्यायला बाईंची उमर गेली होती. आता ऐन वेळी ऑइल लागलेल्या हातांच्या माणसाशी सगळ्यांदेखत अहिराणीत बोलायचं त्यांच्या जिवावर येई.

करंट गेला तर यंत्र सगळं विसरेल, म्हणून बाईंनी मोठी बॅटरी मागितली होती. पराग म्हणाला, पुढच्या बजेटमध्ये बघू, आणि मॅम, सुरतेत लाइट जाते कुठे? खरंच जात नाही. बाईंनी सोडून दिलं.

मग पाटीवर काय लिहायचं ते परागने विचारलं. बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: संकल्पना व निर्मिती, मंगला भदाणे. निंबाचं नाव त्यांनी घातलं नाही. मनाशी म्हणाल्या, बाहेरच्या माणसाचं नाव टाकलं तर ऑफिस शंभर प्रश्न विचारेल; आणि नंतर घालता येईल. नंतर म्हणजे केव्हा, ते मनाला विचारलं नाही.

पाटी आली ती पितळेची, झळझळीत, गुजराती आणि इंग्रजीत. वर ट्रस्टीशेठची प्रेरणा. खाली संकल्पना, डॉ. पराग, विभागप्रमुख. त्याखाली ‘विभागाच्या परिवाराने साकारलेले’. मंगला भदाणे कुठेच नाही. बाईंनी दोनदा वाचली. गेल्या परागच्या केबिनमध्ये. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मॅम, म्हणाला, एकेकट्याची नावं घालायची नाहीत असं वरून आलंय, मलाही खूप वाईट वाटलं. माझं आहे ते पद म्हणून आहे, माणूस म्हणून नाही. आणि परिवारात तुम्ही आलातच की. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. ह्याच पोराला त्यांनी फॉन न्यूमनची गोष्ट सांगितली होती, पहिल्या बाकावर बसून त्याने ती ऐकली होती, आणि बहुतेक नीट ऐकली होती. त्यांनी काय करावं? पाटी उपटून फेकावी, राजीनामा तोंडावर मारावा, निदान दोन शब्द सुनवावेत. त्या पाणी प्यायल्या आणि बाहेर आल्या. सरळ दालनात गेल्या.

दालनात निंबा एका रिलेचा स्प्रिंग बदलत बसला होता. त्याला गुजराती वाचता येई. पाटी त्याने वाचलेली होती. बाई स्टुलावर बसल्या आणि रडल्या. निंबाने हातातलं काम थांबवलं नाही. मग तो म्हणाला, "आते आपला दोन्हीसना नाव एकच जागावर शेतस, ताई."

आता दोघांची नावं एकाच जागी. म्हणजे कुठेच नाही. बाईंना ते बोलणं झोंबलं. आपण पाटीसाठी लिहून दिलेला मजकूर ह्याने वाचलाय की काय, असं वाटून गेलं. वाचलेला नव्हता, पण त्याच्या डोळ्यांत पाहायचं त्यांनी टाळलं, आणि रागाचं रडू ओसरल्यावर आपण ह्याचंही काही हिरावून घेतलं होतं हे पुन्हा कधी मनात येऊ दिलं नाही. आपल्यावर अन्याय झाला आहे, हे एवढंच त्या धरून बसल्या.

समितीचा दिवस उजाडला. बाई पहाटेच आल्या, निंबालाही बोलावलं. दोघांनी मिळून खटक्यांनी सगळे हुकूम घातले, शंभरेक रिले एकेक करून लागले, यंत्र तयार झालं. बाईंनी ते एकदा चालवून पाहिलं. सात आला. मग त्यांनी निंबाला सांगितलं की पाहुणे आले की तू मागे राहा, खांबाजवळ, लागलं तर हाक मारीन. तो धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता.

आणि बाईंना तिथे थांबता आलंच नाही. कारण कॉलेजात समारंभ असला की समई, ताट, फुलं, काडेपेटी, हे सगळं मंगला मॅडमकडे. कुणी ठरवलं होतं देव जाणे, पण वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. यंत्र बटण दाबून सुरू करून दाखवायचं काम परागचं. बाईंनी समईपाशी उभं राहायचं. बाईंनी भरजरी साडी नेसली होती. त्या समईपाशी उभ्या राहिल्या आणि यंत्राशेजारी उभ्या असलेल्या परागकडे बघत मनातल्या मनात जळत राहिल्या. तो समितीच्या लोकांना समजावून सांगत होता, हुकूम आणि आकडे एकाच मेमरीत, म्हणत होता, हीच ती क्रांतिकारी कल्पना. बाईंचीच वाक्यं, बाईंच्याच क्रमाने. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आजूबाजूला काय चाललंय तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

ट्रस्टीशेठ पुढे आले. समितीतल्या पाहुण्या बाईंनी पहिली वात लावली, शेठनी दुसरी. फोटोवाला गुडघ्यावर बसला. दर समारंभात ह्या क्षणाला दालनातले दिवे मालवायचे असतात, म्हणजे समईचा उजेड चेहऱ्यांवर छान येतो. आणि दर समारंभात मंगला मॅडम हात वर करून भिंतीपाशी उभ्या असलेल्या रमणभाई शिपायाला खूण करतात. बाईंचा हात वर गेला. डोकं परागपाशी होतं, हात आपला आपण गेला. रमणभाई वेगवेगळी बटणं कशाला शोधत बसतील? त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्या दालनाचा मेन खटका खाली ओढला.

अंधार झाला. आणि त्या अंधारात कपाटातून एकच आवाज आला, सगळे रिले एका दमात सुटल्याचा. पोत्यातून नाणी ओतल्यासारखा. लोकांना वाटलं, कुणाच्या हातून काहीतरी पडलं. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या, रमणभाईंनी खटका वर केला. उजेडात दोनच माणसं जागच्या जागी गोठली होती. एक बाई, समईपाशी, हात अजून अर्धवट वर. दुसरा निंबा, खांबापाशी. तो यंत्राकडे बघत नव्हता. तो बाईंच्या त्या हाताकडे बघत होता.

परागने ऐटीत बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. यंत्राचा एकही दिवा लागेना. हसू धरून ठेवत त्याने तिसऱ्यांदा दाबलं. शेठनी घड्याळ पाहिलं. समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसू लागले.

आणि मग पराग वळला, हात लांब करून त्याने बाईंकडे दाखवलं, आणि दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला:

"आ मॉडेल अमारां मंगला मॅडमे बनाव्युं छे."

हे मॉडेल आमच्या मंगला मॅडमनी बनवलंय. दोन वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, ट्रस्टींसमोर, बाईंचं नाव. सगळी तोंडं बाईंकडे वळली.

त्यांना एक वाक्य बोलायचं होतं. करंट गेला, म्हणून मेमरी गेली. जुन्या यंत्रांचं असंच होतं, आणि तुम्ही आत्ता जे पाहिलंत त्याहून चांगला धडा मीही तीस वर्षांत शिकवला नाही. खूण मी केली. तासभर द्या, पुन्हा चालवून दाखवते. सगळं खरं होतं आणि सगळं त्यांना येत होतं. अशा वाक्यावर तर टाळ्याही पडल्या असत्या. पण आयुष्यभर नावासाठी तहानलेल्या बाईंना ते नाव असं, बंद पडलेल्या कपाटावर चिकटवून मिळालं, आणि त्यांनी ते गरम तव्यासारखं झटकून टाकलं.

"वायरिंग बधुं निंबाभाईए कर्युं छे, सर," त्या म्हणाल्या, आणि खांबाकडे बोट दाखवलं.

वायरिंग सगळं निंबाने केलंय. आता तोंडं खांबाकडे वळली. तिथे पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उभा होता, जो कोण आहे हे आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. निंबाला बोलायला पुष्कळ होतं. मॅडमनी हात वर केला, रमणभाईंनी खटका ओढला, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याने बाईंकडे एकदा पाहिलं, आणि शेठना हात जोडले.

"हा साहेब," तो म्हणाला. "बधुं वायरिंग मारुंज छे."

सगळं माझंच आहे. मान खाली न घालता म्हणाला. शेठ समजूतदारपणे हसले, म्हणाले, जुनी वस्तू आहे, व्हायचंच, आणि समितीला घेऊन गरम लोचो वाढलेल्या टेबलांकडे गेले. परागने जाता जाता बाईंच्या कानाशी सांगितलं की बाहेरच्या माणसाला हात लावू द्यायला नको होता, मॅम. बाईंनी मान डोलावली. हो, डोलावली.

दालन रिकामं झाल्यावर त्या धावतच फाटकाकडे गेल्या, साडीच्या निऱ्या सावरत. निंबा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पास परत देत होता. आजूबाजूला वॉचमन होता, दोन प्रोफेसर होते, पोरं होती. बाईंनी कशाचीच पर्वा केली नाही. सगळ्यांसमोर, त्या फाटकात पहिल्यांदाच, त्यांनी त्याला आपल्या बोलीत विचारलं.

"निंबादा, राग वना का तुमले?"

राग आला का तुम्हाला. निंबाने वहीत सही केली, पेन वॉचमनला परत दिलं.

"ना मॅडम," तो स्वच्छ गुजरातीत म्हणाला. "एमां शुं."

त्यात काय एवढं. आणि तो रस्ता ओलांडून नवागामकडच्या शेअर रिक्षात बसला. बाई फाटकातच उभ्या होत्या. मागून रमणभाई विचारत आले, की मॅडम, समई आता विझवू का, की राहू देऊ.